वीस फुटांत

गॅरेज बांधणाऱ्याने आकडा सांगितला
तेव्हा येर्को काही बोलला नाही,
टोपी घातली आणि बंदराकडे चालू लागला.
संध्याकाळी ट्रकवरून डबा आला:
वीस फूट लांब, आठ फूट रुंद,
एका कुशीला क्रेनचा जुना पोचा,
कड्यांना गंज, आणि आत वास
सुक्या माशांचा, की रबराचा, की दोन्हींचा.
"गळत नाही," तो म्हणाला,
"आत उभा राहून दार लावून घेतलं,
उजेडाची सुईसुद्धा दिसली नाही."
मला मागणी घालतानाही
तो छपराबद्दलच बोलला होता.

आमच्या पुंता अरेनासला वारा ऋतू बघून येत नाही,
पण डिसेंबरात त्याच्या अंगात येतं.
नगरपालिका चौकात दोर बांधते, धरून चालायला.
रेमिहियोच्या टॅक्सीचं दार त्याने
कोंबडीचा पंख उपटावा तसं उपटलं
आणि शाळेच्या कुंपणावर नेऊन ठेवलं.
म्हणून हा खटाटोप.
गाडी प्यूजो, सासऱ्यांनी लोकरीच्या पैशांतून घेतलेली.
तिचा रंग राखाडी की निळा
यावर आमचं अजून एकमत नाही.

चार ओंडके पुरले, पाण्याच्या नळीने पातळी साधली,
त्यावर डबा, पुढे दोन पट्ट्यांचा उतार.
येर्कोने गाडी तीनदा मोजली,
आरसे उघडे ठेवून, आरसे मिटून,
आणि एकदा उगाच.
रविवारी शेजारी कुंपणाला टेकून उभे.
म्यानात तलवार जावी तशी गाडी आत गेली.
इंजिन थांबलं.
दार वीतभर उघडलं, भिंतीला लागलं, मिटलं.
पुन्हा वीतभर.
मग बराच वेळ काहीच नाही.
हत्ती गेला होता, शेपूट राहिलं होतं.
मी बाहेरून विचारलं,
"गाडी मोजलीस.
स्वतःला मोजलंस?"

खिडकीतून आधी टोपी आली,
मग एक हात, मग शिव्या,
मग एक्काहत्तर वर्षांचा माणूस, मोज्यांवर.
बूट आतच राहिले.

आता तो उजव्या भिंतीला खेटून लावतो.
भिंतीवर जुनी गादी कापून चिकटवली आहे.
माझ्या बाजूचं दार तिथे उघडतच नाही,
म्हणून मी आधीच उतरते, वाऱ्यात,
स्कार्फ दातांत धरून बॅटरी हलवते,
"ये, अजून ये, थांब" ओरडते,
आणि वारा नेमकं माझं "थांब" उचलून
सामुद्रधुनीत टाकतो.
पुढच्या बंपरचं ते असं आहे.
विचारलं तर आम्ही कुत्रा आडवा आला म्हणतो.

डब्याला स्वतःचा पाऊस असतो, हे जूनमध्ये कळलं.
बाहेर बर्फ, आत छताला घाम,
सकाळी टपावर थेंब, ओळीने.
मी जुन्या मोज्यांत मीठ भरून टांगलं, ओल शोषायला.
"मीठ? लोखंडाशेजारी?"
दोन दिवस बोलणं बंद.
तिसऱ्या दिवशी त्याने दोन झरोके कापले,
मी मोज्यांत मांजरीची माती भरली.
मांजर अजून रागावलेली आहे.

बाहेरच्या अंगावर सात आकडी नंबर आहे,
रंगाचे दोन हात देऊनही वर येतो.
मी दर महिन्याला लॉटरीत तोच लावते.
लागलेला नाही.

वारा शंभरावर गेला की घराचे पत्रे बोलायला लागतात.
तेव्हा आम्ही थर्मास घेऊन डब्यात जातो,
एक फाटक लोटतो, एक किलकिलं,
आणि गाडीत बसतो, मी आधी सरकते, मग तो.
इंजिन बंद. काचा वर.
साऱ्या गावात इतकीच जागा
जिथे हळू बोललेलं ऐकू येतं.
आम्ही फारसं बोलत नाही.
तो घड्याळाला किल्ली देतो,
मी काचेवरची वाफ पुसते, पलीकडे भिंतच असते.

उतरताना तो आधी,
मग मी, इंच इंच, स्टिअरिंगखालून.
परवा गुडघा अडकला.
तो दाराशी वाकून, अगदी साधेपणाने,
"स्वतःला मोजलंस?"

मी कोपराने हॉर्न दाबला.
वीस फुटांत तो फार मोठा होतो.